फक्कीची रेघ, बिगुल आणि बडाखाना

डिसेंबर लागला की आमच्या सैनिकी शाळेत एकच विषय असायचा, वार्षिक संमेलन. पाहुण्यांच्या लेखी ते दोन दिवसांचं: पहिल्या दिवशी संचलन, कवायती आणि बक्षीस समारंभ, दुसऱ्या दिवशी माजी विद्यार्थी मेळावा. मुलांच्या लेखी मात्र ते आधी तीन आठवडे चालू झालेलं असायचं, आणि इतक्या वर्षांनी गप्पांत निघतात त्या आठवणीही त्या तीन आठवड्यांच्याच.

साताऱ्याला या शाळांचं अप्रूप नाही, सवय आहे. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कल्पनेतून देशातली पहिली सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी इथेच सुरू झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव, आणि पुढच्याच वर्षी तेच देशाचे संरक्षणमंत्री झाले. शहरापासून थोड्या अंतरावर अपशिंगे गाव आहे. त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं, कारण पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. अशा मुलखात सैनिकी शाळेच्या संमेलनाला नुसते आईवडील येत नाहीत. आजोबा येतात, छातीवर पदकं लावून, आणि ते मुलाचं तोंड बघायच्या आधी त्याचे बूट बघतात.

त्या बुटांना आठवडा लागायचा. नव्या ड्रिल शूजवर जाड थर देऊन चमक येत नाही, उलट चवड्याच्या घडीवर तो थर दुसऱ्याच दिवशी तडकतो. जुन्या मऊ बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळायचा, त्यावर जेमतेम पॉलिश घ्यायचं, थेंबभर पाणी, आणि टाचेपासून छोटी छोटी वर्तुळं. थर पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा. सहा-सात थरांनंतर टोकात खिडकीचे गज दिसायला लागतात. घाई करणाऱ्याचं पॉलिश वाळायच्या आत घासलं जातं आणि धुरकट राहतं. सहावीच्या पोरांना हे शिकवायचं काम आठवीच्या मुलांचं. मास्तर त्यात पडत नसत, आणि पडू नयेच.

खाकीला खळ साबुदाण्याची. मोठी वाटीभर साबुदाणा चार-पाच लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि फडक्यातून गाळून घ्यायचा. गाळायचा कंटाळा केला की गुठळ्या कापडावर बसतात आणि इस्त्रीखाली पांढरे चकचकीत डाग उमटतात. अशी खाकी पुन्हा धुण्यावाचून इलाज नसतो. कपडा अर्धवट ओला असतानाच इस्त्री फिरवायची, नाहीतर बाहीची धार धरत नाही.

मैदान आखायचं काम दहावीकडे असे. खुंट्या, सुतळी आणि दोन पोती फक्की, म्हणजे रेघा आखायची पांढरी भुकटी. कळीचा चुना चुकूनही वापरायचा नाही. वाऱ्याने तो डोळ्यांत गेला तर भाजतो, आणि यवतेश्वराच्या बाजूने वारा सुटला की चुना कुणाच्या डोळ्यांत जाईल ते आखणाऱ्याच्या हातात राहत नाही. सुतळी गुडघ्याच्या खाली ताणून बांधायची, तिच्या अंगाने फक्की सोडायची आणि सुतळी सरळ वर उचलायची. ती बाजूला ओढली की रेघ फुटते. हे सगळं आदल्या दुपारी, आणि वर पाण्याचा हलका शिपका. पहाटे ताजी रेघ मारली तर ती दवाने ओल्या बुटांना चिकटते, आणि आठवडाभर घासलेला काळा बूट सलामी मंचापुढून पांढरा होऊन जातो.

संचलनाची तालीम पाहिली नसेल त्याला वाटतं, पाय एकत्र पडले म्हणजे झालं. पाय का चुकतात ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तेज चालीत मिनिटाला १२० पावलं आणि पाऊल ३० इंचांचं. अकरावीच्या मुलाला ते सहज पडतं, सहावीच्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला मात्र ढांग टाकावी लागते. ढांग टाकली की कंबर हलते आणि कंबर हलली की रांग लाटेसारखी वरखाली होते. म्हणून लहानांची तुकडी वेगळी आणि तिचं पाऊल आखूड. ताल तोच ठेवायचा. त्यांना मैदान ओलांडायला जास्त वेळ लागतो, तेव्हा त्यांची तुकडी सगळ्यांत शेवटी ठेवायची. मध्ये ठेवली तर मागची मोठी मुलं त्यांच्या टाचांवर येतात.

तुकडी उभी करायची आज्ञा कुणीच विसरत नाही: ‘लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में कदवार’. मग मोजणी, विषम पुढे, सम मागे, आणि तीन रांगा झाल्या की उंच मुलं दोन्ही टोकांना आणि बुटकी मधे येतात. समोरून तुकडी भरीव दिसते. मधल्या पोरांना हे फारसं आवडायचं नाही. पण रांगेत सरळ राहायला मधली जागा सगळ्यांत सोपी, हे त्यांना दोन वर्षांनी टोकाला गेल्यावर कळायचं.

खरी गंमत बँडची. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही मैदानाच्या टोकाची तुकडी चुकायची आणि कवायत शिकवणारे उस्ताद तिच्यावर ओरडायचे. चूक मुलांची नसायची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवर ठोका पोचायला तीन दशांश सेकंद लागतात, आणि १२० च्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. ठोका ऐकून पाऊल टाकणारं टोक निम्म्याहून जास्त पावलाने मागे पडणारच. त्यात समोर डोंगर असेल तर प्रतिध्वनी येतो तो वेगळाच. यावर उपाय दोन. बँड टोकाला न ठेवता मंचासमोर मैदानाच्या मध्यावर ठेवायचा, म्हणजे अंतर निम्मं होतं. आणि तुकडीच्या पुढच्या मुलाने ढोल ऐकायचा नाही, ढोलवाल्याच्या हातातली काठी बघायची. नजरेला उशीर होत नाही. हे एकदा नववीच्या विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मांडून दाखवलं की मुलं तालीम वेगळ्या उत्साहाने करतात. आवाजाच्या वेगावर इतका चांगला धडा पुस्तकात नाही.

‘दाहिने देख’ला आणखी एक खोड असते. मान वळवायला सांगितलं तर पोरं खांदेही वळवतात आणि सरळ चाललेली रांग मंचाकडे वाकत जाते. उजव्या टोकाचा मुलगा मान वळवत नाही, तो नाकासमोर बघत चालतो. तो हलला नाही तर बाकी तुकडी सावरते. त्या जागेसाठी मुलगा हुशार लागत नाही, थंड डोक्याचा लागतो.

दरवर्षी दोघे-तिघे उभ्या उभ्या कोसळायचे. पाहुण्यांत लगेच कुजबुज, पोराला खायला घालत नाहीत वाटतं. कारण निराळं असतं. गुडघे ताठ आवळून बराच वेळ निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बुटाच्या आत पायाची बोटं आवळत-सोडत राहायची, पोटऱ्या हलक्या दाबायच्या, गुडघा किंचित सैल ठेवायचा. बाहेरून काही दिसत नाही. आणि सकाळी पोटात दूध-केळं हवंच. कोसळलेल्याला उचलून उभं करायचं नाही, आडवं ठेवून पाय वर करायचे. मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर दोन-दोन मुलं यासाठीच ठेवलेली असत.

भाषणं आणि बक्षिसं व्हायची तशी व्हायची. आवर्जून सांगण्यासारखी असते ती स्मारकापुढची पहाट. पाहुणे यायच्या आधी, सातच्या सुमाराला फक्त शाळा आणि माजी विद्यार्थी. पुष्पचक्र वाहिलं जातं, ‘शोक शस्त्र’ची आज्ञा होते, रायफली उलट्या होतात, नळीचं तोंड बुटावर टेकतं, माना खाली जातात. मग बिगुलावर लास्ट पोस्ट ही शहिदांच्या मानवंदनेची धून, दोन मिनिटं स्तब्धता आणि ती संपवणारी राऊज ही धून. बिगुलाला सूर बदलायच्या कळा नसतात, त्यातून निघतात ते पाचच सूर, आणि तेही नुसत्या ओठांच्या ताणावर. डिसेंबरच्या थंडीत पितळ गार पडलं की सूर उतरतो आणि गार ओठ वरचा सूर धरत नाहीत. म्हणून बिगुलवाला बिगुलाचं फुंकायचं तोंड काढून अर्धा तास मुठीत धरून बसायचा आणि वाजवायच्या आधी बिगुलात नुसती ऊब फुंकायचा, आवाज न काढता. त्याला त्या वेळी कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. वरचा सूर फाटला तर शाळेला वर्षभर चुटपुट लागून राहायची.

२०१५ च्या नोव्हेंबरनंतर इथल्या प्रत्येक सैनिकी शाळेत त्या पहाटेचा अर्थ बदलला. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. आता मुलीही सैनिक स्कूलमध्ये सहावीपासून येतात आणि संचलनात त्यांची तुकडी असते, हे बघताना जुन्या बॅचच्या लोकांना मनापासून बरं वाटतं.

रात्री बडाखाना. फौजेत बडाखान्याला अधिकारी जवानांबरोबर जेवतात आणि हाताने वाढतात. शाळेत बारावीची मुलं आणि शिक्षक सहावीला वाढतात. सहाशे पानांचा हिशोब मेसच्या आचाऱ्यांना तोंडपाठ: तांदूळ ६० किलो, डाळ २५ किलो, शिऱ्याला रवा ३० किलो, तेवढीच साखर आणि १५ किलो तूप. मटण खाणारे चारशे धरले तर ६० किलो. भात एकाच पातेल्यात कधीच नाही, तळ लागतो आणि वास सगळ्या भाताला येतो. वीस-वीस किलोचे तीन घाणे. रश्श्याचं सुकं खोबरं मंद जाळावर भाजायचं, ते करपलं तर सगळा रस्सा कडू होतो आणि मग कांदा-लसूण मसाला वाढवून काही उपयोग नसतो. शिऱ्याला पाणी उकळतंच ओतायचं, रवा खमंग भाजून झाल्यावर. अर्धकच्चा भाजलेला रवा मोठ्या कढईत लापशी होऊन बसतो.

वाढपात खोळंबा व्हायचा तो भाकरीपाशी. भात पळ्याने वाढता येतो, भाकरी हाताने सुटी करून द्यावी लागते. भाकरीचं टेबल रांगेच्या सुरुवातीला ठेवलं की मागे पन्नास माणसं उभी. ते शेवटी नेलं आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वाढायला लागलं की रांग सरकते. अकरावीच्या एका मुलाच्या डोक्यातून ही युक्ती निघाली आणि पुढे कायमची झाली. म्हणून हल्ली काही ठिकाणी मंडप, आवाज, जेवण सगळं कंत्राटाने देऊन टाकतात, ते पटत नाही. पुढे सीमेवर शे-दोनशे माणसांचं जेवणखाण, तंबू, पाणी बघायचं आहे ज्यांना, त्यांच्या हातून भाकरीचं टेबल का काढून घ्यायचं?

माजी विद्यार्थ्यांचा दुसरा दिवस निवांत. सांगलीकर भडंगाच्या पिशव्या आणि तासगावचे बेदाणे घेऊन यायचे, सातारकर कंदी पेढे. नावं नंतर, आधी रोल नंबर. केस पांढरे झालेले ब्रिगेडियर साहेब आणि विट्याचे यंत्रमागवाले एकमेकांना नंबरानेच हाका मारायचे. सगळे काही फौजेत जात नाहीत, आणि न गेलेल्यांना या मेळाव्यात कुणी कमी लेखत नाही. ही रीत जपण्यासारखी आहे.

दुपारी झाडाखाली बैठक बसायची. पालक पाचवीतली भाचरं घेऊन यायचे प्रवेश परीक्षेचं विचारायला. त्यांना एकच सांगणं असे, सैनिक स्कूलच्या सहावीच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे आहेत, तेव्हा सामान्य ज्ञानाची जाडी पुस्तकं नंतर. अकरावी-बारावीची बैठक वेगळी. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेला ९०० गुण, गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६००. पुढे एसएसबीचे, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतीचेही ९०० च. पण पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि अर्ध्याहून जास्त पोरं त्याच दुपारी परतीच्या गाडीला लागतात. तीस सेकंद चित्र बघून चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते. नुकताच निवडला गेलेला मुलगा इथे सगळ्यांत उपयोगी, मोठ्या हुद्द्याचे साहेब नव्हे, कारण त्याला ती चार मिनिटं अजून आठवत असतात. शब्द बघून वाक्य लिहायच्या चाचणीत शब्दाला पंधरा सेकंद मिळतात, साठ शब्द सलग. घोकलेली वाक्यं विसाव्या शब्दापर्यंत पुरतात, नंतर माणूस आहे तसा कागदावर उतरतो, असं ही मुलं सांगतात आणि ते खरं आहे.

फौजेतले डॉक्टर आले असतील तर त्यांच्याभोवती पालकांचा घोळका. निवड होऊनही वैद्यकीय तपासणीत अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात, आणि त्यातली काही कारणं आधी सुटणारी असतात. कानात मळ, किडलेले दात. तपासणीत दातांना गुण देतात, ते किमान १४ लागतात आणि दाढा काढून टाकल्या की ते गुण झपाट्याने घटतात. म्हणून दाढ दुखली की काढायची नाही, भरून घ्यायची. रंगांधळेपणाला मात्र उपाय नाही, त्याची तपासणी आठवीतच करून टाकावी, म्हणजे मुलगा चार वर्षं एकाच दिशेने धावून शेवटी भिंतीवर आदळत नाही.

संध्याकाळी एसटीच्या वेळा बघत बघत मैदान रिकामं व्हायचं. दुसऱ्या दिवशी पीटी माफ असे. सहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजर होणं, मात्र चुकत नसे: मंडपाच्या खुंट्या उपटायच्या, सुतळी गुंडाळून नंबर टाकून स्टोअरला जमा करायची, आणि मेसचे चमचे मोजायचे. चमचे दरवर्षी कमीच भरत.