हृदय उजवीकडे, म्हणून अक्षरं उलटी?

माझ्या मुलाचं हृदय उजवीकडे आहे. यकृत डावीकडे, जठर उजवीकडे. सायटस इन्व्हर्सस म्हणतात याला, साधारण १०,००० जणांत एकाला असतं. त्यामुळे कधी काही अडलं नव्हतं. तिसरीत वाचनात मागे पडला तेव्हा शाळेने अध्ययन अक्षमतेची तपासणी करून दाखला आणायला सांगितलं.

बुद्ध्यांक चाचणी, डोळे, सगळं दोन दिवसांत झालं. पण रुग्णालयात डॉक्टरांना तपासताना छातीवर डावीकडे ठोके लागेनात, तेव्हा मी सांगितलं. मुलाच्या वहीत ३ च्या जागी ६ होता. या वयाची कितीतरी मुलं असं लिहितात! पण केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘अवयव उलट, मेंदूच्या बाजूही उलट असण्याची शक्यता. एमआरआय करावा.’

त्या एका ओळीने चार महिने खाल्ले. एमआरआयची तारीख अकरा आठवड्यांनी मिळाली. रिपोर्ट चांगला आला, तर खिडकीवर म्हणाले, ‘ताई, आता हृदय विभागाचं पत्र आणा.’ ते नेलं, तर मेंदूच्या डॉक्टरांचा शेरा हवा. प्रत्येक खेपेला तो खुर्चीवर पाय हलवत बसायचा आणि मला विचारायचा, ‘आई, माझं डोकं पण उलटं आहे का?’ हा प्रश्न त्याच्या मनात ज्या कागदाने घातला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्याचं डोकं उलटं नाही. बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठात अशा १५ जणांचे मेंदू स्कॅन केले होते (२०१८). बहुतेकांची भाषा इतरांसारखीच डाव्या अर्धगोलात होती. हृदयाची बाजू आणि भाषेची बाजू एकाच किल्लीने ठरत नाहीत.

शेवटी एका कनिष्ठ डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘याला जन्मापासून सर्दी आहे का?’ होती, बारमाही. गर्भात डावी-उजवी ठरवायला सिलिया नावाचे बारीक केसासारखे तंतू लागतात. तसेच तंतू नाक, कान, फुप्फुसांतला कफ बाहेर ढकलतात. सायटस इन्व्हर्सस असलेल्या चार-पाच जणांत एकाचे हे तंतू मुळातच नीट चालत नाहीत. त्याला पीसीडी (प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया) म्हणतात. अशा मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचून राहतं. ऐकण्याची चाचणी तर सुरुवातीलाच व्हायला हवी होती. एमआरआयच्या धावपळीत ती राहूनच गेली होती.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. घरी येऊन श्रुतलेखनाची वही काढली. ‘खडू’चं कडू, ‘फळ’चं पळ, ‘थाळी’ची ताळी. पोरगं जे ऐकत होतं तेच लिहीत होतं. मी त्यावरून त्याला रागावले होते.

आता त्याला ऐकण्याचं यंत्र आहे आणि फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे पीसीडीची तपासणी चालू आहे. तुमच्या मुलाचं असं असेल तर सर्दी-कानाचं आधी बघा, आणि तेही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. केसपेपरवर काय लिहिलंय ते तिथल्या तिथे वाचून घ्या. मी वाचलं नाही, तीच चूक झाली. एक्स-रे काढणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर फिल्म उलटी लागली समजून सरळ करतात. ईसीजीच्या वेळीही सांगावं लागतं.

आणि हो, दप्तरात एक चिठ्ठी असू द्या: अपेंडिक्स डावीकडे आहे. पोट दुखलं तर शाळेत बाईंना कळायला हवं.