बॅटरीचा लाल दिवा, नोंद ३: मिणमिण सापडली

गाडी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली तीन सिलिंडरची हॅचबॅक, कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) डायनमोच्या पोटातच. (पुस्तकात अल्टरनेटर, गॅरेजमध्ये डायनमोच.) लक्षण असं: इंजिन चालू झालं की डॅशबोर्डवरचा हा दिवा दिवसा नीट विझतो, रात्री हेडलाइट लावले की अंधूक मिणमिणतो.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. म्हणजे तिच्यावरचा संशय फिटला. तसाही हा दिवा बॅटरी मोजत नाहीच. त्याच्या एका टोकाला किल्लीतून आलेला बॅटरीचा व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला डायनमोच्या ‘एल’ पिनचा (दिव्याची वायर जिथे लागते ती पिन). दोन्ही सारखे झाले की विझतो, तफावत राहिली की तेवढ्या प्रमाणात पेटतो. अशा मिणमिणीवर नवी बॅटरी घातली तर पैसे जातात, दिवा राहतो.

मापं घेताना इंजिन १५०० आरपीएमला, हाय बीम, ब्लोअर आणि वायपर चालू. लोड नसताना हा दोष दिसतच नाही.

बॅटरीच्या टर्मिनलवर १३.२. डायनमोचा बी-प्लस बोल्ट (बॅटरीकडे जाणारी जाड वायर इथे लागते) ते त्याचीच बॉडी: १४.४. मधले १.२ गेले कुठे? डायनमोची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह ०.०८, म्हणजे अर्थिंग उत्तम. बी-प्लस बोल्ट ते बॅटरीचा पॉझिटिव्ह मात्र १.१२! इथे ०.३ च्या वर गेलं की वायर तपासायचीच. क्लॅम्प मीटरवर करंट ३० अँपिअर, म्हणजे अडथळा जेमतेम ३७ मिलिओहम. मल्टिमीटरचा बझर अशा वायरला खुशाल ‘ठीक’ म्हणतो. पण त्या एका जागी ३४ वॉट उष्णता होत होती. थिंबलवरचं (वायरच्या टोकाच्या, बोल्टात अडकवायच्या धातूच्या कडीवरचं) रबर सोललं तर आत हिरवी बुरशी धरलेलं तांबं आणि निम्मे तुटलेले धागे.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला. बी-प्लस बोल्ट किल्ली बंद असतानाही जिवंत असतो, पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंगच. मग १० चौरस मिमीची नवी वायर, ६ मिमी भोकाचं थिंबल, क्रिम्परने दाबून वर गोंदवाली श्रिंक नळी. नुसतं सोल्डर नको: जिथे सोल्डर संपतं तिथेच वायर कंपनाने तुटते. आता त्याच लोडवर ०.१४, बॅटरीवर १४.२. मिणमिण गेली.

दुसरा दोष यातच उघडा पडला. किल्ली फिरवल्यावर दिवा कधी कधी लागतच नव्हता. इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून ‘एल’ची वायर काढून बॉडीला टेकवली, दिवा लख्ख लागला. म्हणजे बल्ब आणि वायर शाबूत, तुटकपणा डायनमोच्या आत. (ही युक्ती फक्त अशा जुन्या सर्किटवर, ईसीयूने (गाडीच्या कॉम्प्युटरने) चार्जिंग सांभाळणाऱ्या गाडीत करू नका.) खोललं तर कार्बन (फिरत्या रोटरला वीज पोचवणारे ब्रश) ४ मिमी उरलेले, नवे साधारण १० मिमी बाहेर येतात. कार्बन बदलले, ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पुसल्या. दोन रिंगांमध्ये रोटर ३.१ ओहम, रिंग ते शाफ्ट कुठेच जोड नाही, म्हणजे रोटर चांगला.

एसी रेंजवर बॅटरीपाशी ०.०५ व्होल्ट, म्हणजे एसीचा डीसी करणारे डायोड ठीक, त्यामुळे डायोड प्लेटला हात लावला नाही. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘डायनमो तपासणारे’ अजून भेटतात. डायोड असेच मरतात.

पट्टा अंगठ्याने ७ मिमी दबतो, भेगा नाहीत. राहिलं काम: बाकीच्या वायरींची थिंबलंही त्याच वयाची आहेत, ती पुढच्या रविवारी.