लिहून देणार, लिहून घेणार

घराची किल्ली हरवली तर माणूस चावीवाल्याला बोलावतो. इंडेक्स टू सापडत नाही म्हटलं की घरातले सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. महाराष्ट्रात ज्याने ज्याने घर घेतलंय त्याला हा कागद ठाऊक आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळालेला, डोक्यावर ‘सूची क्र. २’ असं छापलेला, एखाद-दोन पानांचा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचंय? इंडेक्स टू आणा. बँकेत कर्जाची फाइल टाकायचीय? इंडेक्स टू जोडा. वीजबिलावरचं नाव बदलायचंय? झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा. मूळ करारनामा चांगला जाडजूड, पानापानावर सह्या असलेला. पण तो बापडा लॉकरमध्ये पडून असतो आणि सगळा मान मिळतो सूचीतल्या एका नोंदीला.

मला बरीच वर्षं एकच प्रश्न पडायचा. हा दुसरा, तर पहिला कुठे गेला?

पहिला आहे. तिसरा आणि चौथाही आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमात या चार सूच्या सांगितल्या आहेत. कायदा वाचायची वेळ कोणावर येऊ नये, पण हे कलम हौसेने वाचण्यासारखं आहे. स्थावर मालमत्तेचे दस्त पुस्तक क्रमांक एकमध्ये नोंदले जातात आणि त्यांच्या दोन सूच्या होतात. पहिलीत माणसं : लिहून कोणी दिलं, लिहून कोणी घेतलं, म्हणजे घर विकलं असेल तर विकणारा आणि विकत घेणारा. दुसरीत मिळकत. व्यवहार तोच, माणूस माहीत असेल तर इकडून शिरा, जमीन माहीत असेल तर तिकडून. तिसरी सूची मृत्युपत्रांची आणि चौथी स्थावराशी संबंध नसलेल्या बाकीच्या दस्तांची.

पण खरी गंमत आहे सत्तावन्नाव्या कलमात. कोणती सूची कोणाला बघू द्यायची ते तिथे ठरवलंय. पहिली आणि दुसरी कोणीही बघावी, फी भरावी आणि बघावी. चौथीतल्या नोंदींची नक्कल त्या दस्ताशी संबंध असलेल्यांनाच. आणि मृत्युपत्राची नोंद? करणारा जिवंत आहे तोवर तो स्वतः किंवा त्याचा मुखत्यार. बाकी कोणी नाही. तो गेल्यावर मात्र जो अर्ज करील त्याला. हा मसुदा लिहिणाऱ्या साहेबांना आपल्याकडच्या घरांची चांगलीच माहिती असली पाहिजे. किंवा त्यांच्याकडचीही घरं तशीच असतील.

म्हणजे माहितीची प्रतवारी करताना त्यांनी आधी ‘ही कशाबद्दल आहे’ हे विचारलं आणि लगेच ‘ही कोणाला कळली तर काय होईल’ हेही विचारलं. हल्ली यादी करणारे पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात असा माझा अनुभव आहे. पण ते पुढे.

नोंदणी विभागात संगणक आले तेव्हा प्रणालीचं नाव ठेवलं ‘सरिता’. पुढे ती ‘आय-सरिता’ झाली. आणि या ओघात सूची क्रमांक दोन इंटरनेटवर येऊन पोचली. ‘ई-सर्च’ची मोफत सेवा उघडायची. मुंबई, उर्वरित महाराष्ट्रातला शहरी भाग की ग्रामीण, ते सांगायचं. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरायचा, वेडीवाकडी अक्षरं ओळखून दाखवायची आणि वाट बघायची. साइटचा मूड असला तर यादी उघडते : दस्त क्रमांक, दस्ताचा प्रकार, तारीख, लिहून देणार, लिहून घेणार. पूर्वी यासाठी वकिलाला कार्यालयात जाऊन ‘सर्च’ घ्यावा लागायचा, जाडजूड वह्या उलटाव्या लागायच्या. आता रात्री जेवण झाल्यावर बडीशेप चघळत शेजारच्या विंगमधला टू बीएचके कितीला गेला ते बघता येतं.

आणि आपण बघतो. मी तरी बघतो. आमच्याकडे घर विकलेला माणूस भाव चढवून सांगतो, घेतलेला उतरवून सांगतो, आणि दोघेही सांगताना नजर लिफ्टच्या आकड्यांकडे ठेवतात. सूचीत रकाना दोन ‘मोबदला’ आणि रकाना तीन ‘बाजारभाव’. दुसऱ्यात दोघांनी ठरवलेली किंमत, तिसऱ्यात सरकारी दरतक्त्याप्रमाणे निघणारी. जी जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क. काही जुन्या नोंदींत हे दोन आकडे इतके चिकटून उभे दिसतात की त्यांच्यामध्ये काय काय गेलं असेल याचा विचार करत माणूस जागा राहतो. भाड्याने दिलेली घरंही यात सापडतात, कारण आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करावीच लागते. एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यानंतरच्या आमच्या परिसरातल्या नोंदी चाळताना ‘लिहून घेणार’मध्ये ज्या नावांनी दर्शन दिलं, त्या बायकांना आम्ही तोवर फक्त ‘अमक्यांच्या मिसेस’ म्हणून ओळखत होतो.

या सूचीचा नमुना मला फार आवडतो, कारण त्यातून काहीही काढून टाकायचं धाडस कोणाला झालेलं दिसत नाही. वर ठळक अक्षरांत ‘गावाचे नाव’ आणि पुढे वरळी किंवा लोअर परळ. कोळीवाड्यातली मंडळी सोडली तर वरळीला गाव म्हणणारं आता दुसरं कोण उरलंय? रकाना सहा तर बघत राहावा असा : ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’. जुडी म्हणजे इनाम जमिनीवर घेतला जाणारा सवलतीचा सारा. बाविसाव्या मजल्यावरच्या, दोन पार्किंगच्या फ्लॅटला संगणक अजून अदबीने विचारतो, जुडी किती देता? रकाना रिकामा छापला जातो आणि सगळे पुढे जातात. रकाना सातमधलं ‘करुन देणा-या’ हे मधल्या आडव्या रेघेसह अजून तसंच आहे. ऱ्या उमटत नव्हता त्या काळातली ती रेघ. आता तिचीही वहिवाट झाली असावी.

दुसरीकडे सूची विलक्षण आंधळी असते. तिला आकडा कळतो, जागा कळत नाही. एकाच इमारतीचा एक दस्त सर्व्हे नंबरवर नोंदलेला असतो, दुसरा सिटी सर्व्हे नंबरवर, तिसऱ्यात कोणी नुसता प्लॉट क्रमांक टाकलेला. तिच्या दृष्टीने या तीन वेगळ्या मिळकती. आपण रोज त्याच जिन्याने चढतो-उतरतो याचा तिला पत्ता नसतो.

या यादीत मी सगळ्यात जास्त वेळ जिथे रेंगाळतो ते म्हणजे हक्कसोडपत्र. ओळ साधी असते. लिहून देणार : तीन बायका, तिघींची आडनावं वेगळी. लिहून घेणार : एक पुरुष. मोबदला : शून्य. कोणीही न सांगता कळतं की या तिघी बहिणी, हा भाऊ, आणि वडील किंवा आई गेल्याला फार दिवस झाले नसावेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. हक्क असला की तो सोडायचं पत्रही लागतं. सूचीत तारीख असते, क्षेत्रफळ असतं, मुद्रांक शुल्क असतं. सही करायला थोरली एकटी एस्टीने आली की भावाने गाडी पाठवली, धाकटीच्या नवऱ्याने काही विचारलं का, परत जाताना साडी मिळाली की तीही नाही, यासाठी रकाना नाही. शून्य हा आकडा खुशीचा की नाइलाजाचा, हे शून्याकडे बघून कळत नाही. मला विचाराल तर ज्या ओळीत तिघींच्या शून्याशेजारी त्या जागेचा बाजारभाव कोटीत असतो, तिथे नाइलाज धरूनच चालावं. चूक ठरलो तर आनंदच आहे.

शेतजमीन असेल तर हे पत्र तिथून पुढे तलाठ्याकडे जातं, फेरफार होतो आणि सातबारावर त्या तिघींच्या नावांना कंस पडतो. खोडत नाहीत, कंस करतात. तो सातबाराही आता ऑनलाइन आहे आणि त्याची मांडणीही दुहेरीच : सातबारा गटाप्रमाणे, आठ-अ खातेदाराप्रमाणे. एका शेतात कोण कोण आहेत ते सातबारा सांगतो, एका माणसाची गावात कुठे कुठे जमीन आहे ते आठ-अ. म्हणजे १९०८ च्या पहिल्या-दुसऱ्या सूचीचाच हिशेब, फक्त खातं वेगळं.

एकदा मी गंमत म्हणून आमच्या इमारतीचा गट क्रमांक नेहमीच्या सर्च इंजिनात टाकून पाहिला. फ्लॅट विकणाऱ्यांच्या जाहिराती आल्या, सूचीतली नोंद एकही नाही. कारण सरळ आहे. सर्च इंजिनाचे यंत्रदूत एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात, वाटेत दिसलेला प्रत्येक शब्द टिपतात आणि त्या शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आहे ते लिहून ठेवतात. ही सगळ्या सूच्यांची आई म्हणायची. तिला गाव, दस्त, मोबदला असा भेद नाही, शब्द तेवढा कळतो. पण इंडेक्स टूचं पान आधीपासून कुठे पडलेलं नसतंच. कोणीतरी फॉर्म भरून मागेल तेव्हा ते तयार होतं, आणि यंत्रदूत फॉर्म भरायला थांबत नाहीत. थांबले तरी वेडीवाकडी अक्षरं त्यांना अडवतात. त्या अक्षरांवर लोक चिडतात. सहाचा बी वाटतो, ओ की शून्य ते कळत नाही. मला मात्र ती जुन्या कार्यालयातल्या त्या कारकुनासारखी वाटतात, जो वही दाखवायला नाही म्हणत नसे, पण चष्म्यावरून एकदा वर बघून ‘काय काम आहे?’ एवढं विचारत असे. कायद्याने उघडी असलेली वही आणि चव्हाट्यावर टांगलेली वही यांत तेवढ्या प्रश्नाचं अंतर होतं. हल्ली काही कंपन्या या नोंदी एकगठ्ठा गोळा करून विकतात. कोणत्या नटाने कुठे किती चौरस फुटांचं घर घेतलं, पार्किंग किती, शुल्क किती भरलं, ही बातमी तुम्ही सकाळी वाचता ती या नोंदींतूनच निघालेली असते. नटांचं ठीक आहे. त्या तीन बहिणीही त्याच गठ्ठ्यात आहेत, हे मला खटकतं.

तरीही ती वही बंद व्हावी असं मी कधी म्हणणार नाही, आणि त्याला आमच्या सोसायटीतल्या एक काकू कारण आहेत. पुनर्विकासाची बोलणी चालू होती. बिल्डरची माणसं प्रोजेक्टर घेऊन आली होती आणि या भागात सध्या विक्रीला भावच नाही, त्यामुळे जादा क्षेत्र देणं कसं परवडत नाही, हे तक्ते दाखवून समजावत होती. आमचे अध्यक्ष माना डोलवत होते. काकू निवृत्त शिक्षिका. पेपर तपासायची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला. गल्लीतल्या नव्या इमारतींचे गेल्या दोन वर्षांतले इंडेक्स टू, तारखेनुसार लावलेले, रकाना दोनवर लाल पेनाने गोल.

“हे तुमच्याच कंपनीने विकलेले फ्लॅट आहेत ना?” त्यांनी विचारलं. “की लिहून देणार म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव छापलंय?”

प्रोजेक्टर बंद करायला सांगण्यात आलं. चहा आला. जादा क्षेत्राची बोलणी पुढच्या बैठकीत नव्याने सुरू झाली, आणि अध्यक्षांनी त्या रात्री मला फोन करून ई-सर्चमध्ये वर्ष कुठे निवडायचं ते विचारून घेतलं.