तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या बंदिशी कशाला?

विचारणारे बहुधा गाण्यातलेच असतात. ‘सर, अठराव्या शतकातल्या सदारंग-अदारंगांपासूनचं एवढं भांडार पडलंय, ते तरी गाऊन संपणार आहे का? मग नव्या कशाला बांधता?’

पूर्वी मी भांडायचो. सदारंगांच्याही एकेकाळी नव्याच होत्या की! फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ नावानं बांधायचे, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ नावानं. आणि देवगिरीला बसून शारंगदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्या मुलखातल्या माणसाला तुम्ही हे विचारता? आता ही यादी माझी मलाच पोकळ वाटते. त्या रांगेत मला बसवलंय कुणी?

खरं कारण २०१६चं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, ते दिवस. क्लासमध्ये मियाँमल्हार, पावसाचा राग, चालू होता. कोमल आणि शुद्ध, दोन्ही निषाद लागोपाठ कसे घ्यायचे ते मी दाखवत होतो, बंदिशीत मेघ धो धो बरसत होते आणि एक मुलगी हातावरचा ताल तसाच सोडून उठली. ‘सर, टँकर आलंय.’ दारात चपलांजवळ तिची घागर होती.

त्याच रात्री बांधली, तीनतालात. ढग येतो आणि न थांबता जातो. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, बंदिशीचे शब्द जिथं येऊन टेकतात; इथं शब्द समेच्या आधीच संपतात, सम रिकामी. फार भारी वाटलं होतं मला.

गाण्याच्या विशारद परीक्षेला तिनं तीच गायली. पेटीवाला आला नव्हता, म्हणून साथीला मीच. दोन आवर्तनं झाली नाहीत तोच परीक्षकांनी हात वर केला.

‘सम कुठंय?’

‘इथंच आहे, सर.’ तिनं मांडीवर थाप मारून दाखवली.

‘तिथं तर काहीच नाही.’

तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘बंदिश माझी आहे,’ एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं. मी पेटीच्या भात्याकडं बघत बसलो. साथीदारानं मधे बोलायचं नसतं, हे मी स्वतःला नंतर सांगितलं. परतीच्या बसमध्ये ती मागं खिडकीशी, मी पुढं कंडक्टरजवळ.

पास झाली. पुढं गाणं सुटलं. लग्न, नोकरी, कारणं बरीच असतात, एकट्या माझ्यामुळं नाही. परीक्षकांचंही काय चुकलं? परीक्षेत सम दाखवायचीच असते. माझी हौस मी लेकराच्या गळ्यात बांधली.

तरी बांधतो. मधे त्या समेवर एक शब्द घालून पाहिला. पोरांना सोपं गेलं. आठवडाभरानं काढून टाकला.