फिल्टर बरोबर, तरी पॅकेट शून्य?

हिंजवडी, खराडीच्या ऑफिसांत नेटवर्कवरची पॅकेट टिपणारा मॉनिटरिंग बॉक्स बहुधा स्विचच्या मिरर पोर्टवर (तिथे इतर पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल येते), म्हणजे बऱ्याचदा ट्रंकच्या ट्रॅफिकवर बसतो. ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन, अर्थात एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क, एकत्र वाहणारी लिंक. तिथे 'होस्ट १०.२०.३०.५' एवढाच कॅप्चर फिल्टर (टीसीपीडम्प, वायरशार्कला कोणती पॅकेट टिपायची ते सांगणारी अट) लावला की हमखास फसगत होते. फ्रेममध्ये, म्हणजे पॅकेटच्या वेष्टनात, व्हीलॅन टॅग (कोणतं व्हीलॅन ते सांगणारी खूण) शाबूत असेल तर चार बाइट मध्ये घुसतात. फिल्टर ठरलेल्या जागी ०८०० (आयपी पॅकेटची खूण) शोधतो, सापडतं ८१०० (टॅगची खूण), पॅकेट बाद.

उपाय: 'होस्ट अमुक ऑर (व्हीलॅन अँड होस्ट अमुक)'. क्रम उलटा करू नका. 'व्हीलॅन' शब्दानंतरची सगळी मोजणी चार बाइटने सरकते, त्यामुळे आधी 'व्हीलॅन' लिहिलंत तर बिनटॅगची पॅकेट हातची गेली. कंस हवेतच, आणि कमांड लाइनवर पूर्ण फिल्टर अवतरणात, नाहीतर शेलच (कमांड वाचणारा प्रोग्राम) कंसावर अडतं.

पोर्ट नंबरच्या (स्विचचं पोर्ट नव्हे, पॅकेट कोणत्या सेवेचं ते सांगणारा आकडा) फिल्टरची खोड वेगळी: तुकडे झालेल्या पॅकेटच्या पहिल्याच तुकड्यात पोर्ट नंबर असतो, बाकीचे निसटतात. व्हॉइसच्या मोठ्या यूडीपी सिग्नलिंगमध्ये (कॉल जोडणारे संदेश, पोर्ट ५०६०) हे दिसतं. तिथे सरळ होस्टवर गाळा.

आणि १ गिगाबिटच्या लिंकच्या दोन्ही दिशा १ गिगाबिटच्याच मिरर पोर्टवर ओतल्या, तर भरगच्च वेळी स्विचच पॅकेट टाकतो. त्यावर फिल्टर काय करणार!