पितळेच्या ढाली

इंदूरच्या आपल्या शाळेतला बायबलचा तास आठवतो तो फळ्यावरच्या आकडेमोडीमुळे. राजा देवाशी बेइमान झाला की प्रजेवर काय ओढवते, हा विषय. बाई 'शाप' हा शब्द टाळत आणि हिशेब मांडत.

आधी नियम. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाला तीन मनाया आहेत: फार घोडे नकोत, फार बायका नकोत, सोन्यारुप्याची रास नको. शिवाय नियमशास्त्राची, म्हणजे मोशेच्या नियमांची, नक्कल स्वतःसाठी उतरवून ती रोज वाचायची, म्हणजे मन भाऊबंदांहून वर चढत नाही. इस्राएलचा राजा शलमोन याने तिन्ही मोडल्या. १,४०० रथ, एका वर्षात ६६६ किक्कार (वजनाचे जुने माप) सोने, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. परक्या राण्यांबरोबर त्यांची दैवतेही आली. यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर मवाबी लोकांच्या कमोश दैवताचे उच्चस्थान, म्हणजे पूजेची जागा, उभे राहिले.

मग शलमोनाचा मुदपाकखाना. रोज ३० कोर (धान्याचे जुने माप) सपीठ, ६० कोर पीठ, ३० बैल, १०० मेंढरे. हरणे, पक्षी वेगळे. बारा सुभे, प्रत्येकाकडे एकेक महिना. म्हणजे एका सुभ्याच्या वाट्याला महिन्यात २,७०० कोर पीठ, ९०० बैल, ३,००० मेंढरे! लबानोनात लाकडासाठी ३०,००० वेठकरी, दहा-दहा हजारांच्या पाळीने, महिनाभर तिकडे आणि दोन महिने घरी. गंमत अशी की याच बोज्याखाली लोक खाऊनपिऊन आनंदात होते, असे बायबलातल्या '१ राजे' या पुस्तकाचा चौथा अध्याय सांगतो. बाराव्यात तेच लोक 'जू हलके करा' म्हणून शखेम नगरात जमतात. मधला अकरावा अध्याय राजाचे मन फिरल्याचा आहे.

इथे वर्गातून हमखास हात वर होत: अहिल्याबाईंच्या हुकमांवर 'श्रीशंकर' असायचे, राज्याची दौलत वेगळी आणि घरची खासगी वेगळी! बाई खूश होत. मालक आपण नव्हे, हे कागदावरच दिसायचे.

शलमोनाच्या मुलाला, नव्या राजा रहबामाला, ते दिसत नव्हते. शखेमला जमलेल्यांशी गोड बोल, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. त्याने बरोबरीच्या पोरांचे ऐकले. 'माझी करंगळी बापाच्या कंबरेहून जाड आहे.' वेठीवरच्या अंमलदाराला, अदोरामाला, लोकांनी दगडांनी ठेचले आणि इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा फुटून गेले. ते मिळाले शलमोनाचा एकेकाळचा अंमलदार यराबाम याला, पण त्यालाही धास्ती: लोक सणाला यरुशलेमेस गेले तर मने तिकडेच वळतील. म्हणून बेथेल आणि दान इथे सोन्याची दोन वासरे, लेवी (याजकपणाचा मान असलेला वंश) नसलेले याजक, आणि सण सातव्याऐवजी आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी. माझ्या मते ही बेइमानी शलमोनाच्याहून वाईट, कारण ती थंड डोक्याने आखलेली होती. दहा वंशांचे ते राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या (असिरियाच्या) साम्राज्याने संपवले.

रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा (इजिप्तचा) राजा शिशक चालून आला आणि शलमोनाच्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या केल्या. राजा मंदिरात जाई तेव्हा पहारेकरी त्या धरून चालत, आणि मग परत आपल्या चौकीत नेऊन ठेवत.