रंकाळ्यावरची मंगळवारची पहाट

आज सहा वेळा ८०० मीटर होतं. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पळायचीय, ४२.१९५ किलोमीटर, आणि चार तासांच्या आत यायचं तर किलोमीटरला साधारण ५:४० चा पेस लागतो, म्हणून मंगळवारी पहाटे साडेपाचला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू, असं आलटून पालटून पळणं.

प्रत्येक ८०० चार मिनिटांत, मग ४०० मीटर हळू जॉग. पहिले दोन सोपे वाटतात आणि तिथंच माणूस चुकतो, जोर जास्त लावतो. मी मागच्या आठवड्यात तेच केलं, पाचव्याला पाय दगड झाले आणि सहावा सोडून घरी आलो, लई वाईट वाटलं. आज पहिला मुद्दाम धरून पळालो. चौथ्याला श्वास असा लागला की शालिनी पॅलेस समोर दिसतोय पण जवळच येईना, आणि पोटात गोळा. पण ह्याच चार मिनिटांसाठी सगळं चाललंय, हृदयाला जोरात रक्त फेकायची सवय इथं जास्त लागते, नुसत्या आरामात पळून तेवढी नाही लागत.

चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक ४०० मीटरचे ढीगभर इंटरव्हल मारायचा, आणि १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर, १०००० मीटर आणि मॅरेथॉन तिन्ही सुवर्णपदकं त्यानंच नेली. मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदा पळत होता! सहावा सुरू करताना तोच डोक्यात होता.

सहावा ३:५८. घाटावर बसलो तर फिरायला आलेले एक काका म्हणाले, "भावा, पाणी पी आधी."